पानमळ्याबाहेर काढलेले बूट

वसईला निघालो तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, दोन जोड कपडे आणि एक वाक्य होतं. वाक्य आमच्या घरातून पाठ करून घेतलेलं होतं. "माणसं तुम्ही चांगली आहात, पण आमच्याकडे हे बसत नाही." गिरीज गावच्या पास्कल नावाच्या बागायतदारांना एवढं ऐकवायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं, असा कार्यक्रम होता. माणसं चांगली आहेत की नाहीत हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं, पण ते म्हणायची पद्धत आहे.

प्रकरण असं. माझी मुलगी मंजिरी मुंबईत नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. तिला पास्कल यांच्या मुलाशी, विल्सनशी लग्न करायचं होतं. पळून वगैरे जाणारी ती नव्हे. तिने शांतपणे सांगितलं होतं, "दोन्ही घरांनी हो म्हटल्याशिवाय मी करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही." आमच्या कुमुदताईंनी, म्हणजे तिच्या आईने, यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि मला गाडीत बसवून दिलं. मी मिरजेजवळच्या आमच्या गावात तीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशा माझ्याकडे होता, त्यामुळे मीच जाणं योग्य असं ठरलं.

मला स्वतःला काय वाटत होतं हे कुणी विचारलं नाही. मला भीती वाटत होती. गावाची थोडी, आणि मुलगी लांब जाईल याची जास्त.

शुक्रवार

स्टेशनवर विल्सन स्कूटर घेऊन आला होता. उंच, सावळा, नम्र मुलगा. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा त्याच्या मानेवर पिवळ्या रंगाचा मोठा डाग दिसला. लग्नाची हळद लागूनही गेली की काय असं मला वाटलं. तो रंग पेंटबॉलचा निघाला.

पेंटबॉल म्हणजे काय हे आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला हवं. बोराएवढी जिलेटिनची गोटी असते, आत रंग असतो. ती हवेच्या बंदुकीतून समोरच्यावर मारायची. फुटून रंग लागला की तो माणूस बाद. लोक यासाठी मुंबईहून हौसेने येतात. जिलेटिन कशापासून करतात हे मी विचारलं नाही, कारण आमच्या घरात अंडंसुद्धा उंबरठ्याबाहेर असतं आणि मला दोन दिवस काढायचे होते.

गिरीज हे वाड्यांचं, म्हणजे बागायतीचं, गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळ, केळी, मधे भाजीचे वाफे, आणि वळणावळणावर पांढरा क्रूस. आमच्याकडे दोन घरांमध्ये भिंत असते, इथे केळी असतात. डिसेंबर असल्याने दारोदार कागदी चांदण्या टांगल्या होत्या. विहिरींचं पाणी खारट होत चालल्यामुळे पास्कल यांनी वाडीचा मागचा अर्धा भाग पडीक टाकला होता, आणि त्याच जागेत विल्सनने आठ जुन्या बंदुका आणून हा खेळ मांडला होता. शेतीपेक्षा बरा चालतो म्हणे. निदान यावर कीड पडत नाही.

पास्कल साठीचे, काटक, बोलण्यात सावकाश. मी त्यांना पहिल्याच मिनिटात पास्कलराव म्हणालो. त्यांनी तक्रार केली नाही आणि मला मास्तर म्हणाले. घरात ही माणसं त्यांच्या बोलीत बोलत. ती मराठी आहे हे मला कळे, पण काय बोलले ते कळत नसे. माझ्याकडे वळली की मात्र पाठ्यपुस्तकातलं मराठी. विल्सनच्या आई, रोझीबाई, तर माझ्याशी बोलण्याआधी क्षणभर थांबून वाक्य जुळवून घेत.

चहा झाल्यावर मी घसा साफ केला. वाक्य म्हणायची हीच वेळ होती. तेवढ्यात रोझीबाईंनी जेवायलाच वाढलं. केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. ताट, वाटी, भांडं, सगळं कोरं करकरीत. ताटाच्या मधोमध दुकानाचं लेबल तसंच होतं. भाजी संपत आली तशी ते लेबल वर आलं.

"स्वयंपाकाचीही भांडी नवीनच आहेत," रोझीबाई म्हणाल्या. "आमच्या जुन्या भांड्यांत मासळी शिजते ना, म्हणून. तुम्ही निवांत जेवा."

लेबल चिकटलेल्या ताटासमोर बसून "आमच्याकडे हे बसत नाही" असं म्हणता येत नाही. मी दुसरी भाकरी घेतली.

शनिवार

सकाळी मंजिरी हॉस्टेलवरून आली. "अप्पा, बोललात का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "आधी जागा तर बघू."

जागा बघण्याची किंमत अशी पडली की दहा वाजता माझ्या तोंडावर काळा मुखवटा होता आणि हातात बंदूक. रविवारी एका कचेरीची मंडळी खेळायला येणार होती, त्यांच्यातली चार माणसं गळाली होती. "अंकल, टीम शॉर्ट पडतेय," विल्सन म्हणाला. "टेन्शन नको, एकदम ईझी आहे." बाकीच्या तीन जागा मंजिरी, विल्सन आणि स्वतः पास्कलराव भरणार होते.

शिकवायला बस्त्यावकाका होते. हे पाचूबंदरचे तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख. गुडघे गेल्यावर समुद्र सुटला आणि ते इथे पंच झाले. या होडीवरून त्या होडीवर ओरडून घडलेला आवाज असल्याने त्यांना शिट्टी नावापुरतीच लागे. मैदानात टायरांचे ढीग होते, पिंपं होती, आणि त्यांचीच एक मोडकी होडी आडवी टाकलेली होती.

मी होडीमागे उभा राहिलो आणि वरून डोकावलो. मंजिरीची गोळी कपाळावर बसली.

"मास्तर, वरून नाय बघायचं!" बस्त्यावकाका गरजले. "बाजूनं बघा. वरून डोकं काढलं का नारल दिसतो."

मग मी बाजूने बघितलं. गोळी चुकली. माझा आत्मविश्वास वाढला, म्हणून परत त्याच बाजूने बघितलं. या वेळी चुकली नाही.

"एकाच भोकातून दोनदा कोन बाहेर येतो? खेकडा पन येत नाय."

असं तासभर चाललं. अंगावर सात डाग पडले, पण थोडी विद्या मिळाली. ती इथे देतो, कुणाला उपयोग झाला तर. आडोशाला चिकटून बसू नये, हातभर मागे राहावं, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर दिसत नाही आणि बाजूचं जास्त दिसतं. धावताना सोबत्याला आधी सांगावं. तो गोळ्या झाडून समोरच्याचं डोकं खाली ठेवतो, तेवढ्यात आपण पुढचा आडोसा गाठायचा. बाद झालं की हात वर करून गुपचूप निघून जायचं, मेलेल्याने बोलायचं नाही. मुखवटा काही झालं तरी काढायचा नाही, आत वाफ धरली तरी. माझा चष्मा आत होता, त्यामुळे मला दुहेरी वाफ मिळाली.

सगळ्यात महत्त्वाचं बस्त्यावकाकांनी शेवटी सांगितलं. "नवीन मानूस ज्याला मारायचं त्यालाच बघत बसतो. समुद्रात आम्ही जालं बघतो, आभाल बघतो, दुसऱ्याची होडी बघतो, पान्याचा रंग बघतो. मारनारा नेहमी ज्याला तुम्ही बघत नाय तोच असतो." मी भूगोल शिकवायचो तेव्हा हे वाक्य मिळालं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पास्कलरावांनी मला वाडी दाखवली. ते बांधावरूनच चालत. स्वतःच्या पडीक जमिनीतसुद्धा पाऊल वाफ्यात पडू देत नव्हते. आमचे शेतकरी असेच. मैदानाच्या कोपऱ्यात, सीमेच्या दोरीच्या आतच, काठ्यांवर चढवलेल्या पानवेलींच्या चार ओळी शिल्लक होत्या. विल्सनला त्या काढायच्या होत्या, पास्कलरावांनी काढू दिल्या नव्हत्या. खेळायला येणाऱ्यांना विल्सन एवढंच सांगे, "त्या साइडला जाऊ नका, बाबा ओरडतात." त्यामुळे मैदानातला सर्वांत दाट आडोसा कायम रिकामा असे.

पास्कलरावांनी कडेला चपला काढल्या. मी कॅनव्हासचे बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि बूट जोडून ठेवले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमच्याकडेपण?" ते म्हणाले.

"आमच्या वडिलांचा पानमळा होता, चपला घालून कुणाला आत शिरू देत नसत. आता तिथं ऊस आहे. पण सवय आहे."

"सवय आहे," तेही म्हणाले.

आत ओल होती, पायांना गार लागत होतं आणि वास तोच होता. मला वडील आठवले. या मळ्यात उभं राहून वाक्य म्हणावं असं ठरवलं होतं, ते राहिलं. पास्कलरावही काहीतरी बोलायला म्हणून दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा पान खुडून माझ्या हातात देऊन पुढे गेले.

रविवार

सकाळी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला गेलो. मागच्या बाकावर बसलो. गाणी मराठीत, प्रवचन मराठीत, आणि फादरांचं मराठी आमच्या मुख्याध्यापकांपेक्षा शुद्ध. सगळे बुटांसकट आत. ही माणसं देवासमोर बूट घालून जातात आणि पानांसमोर अनवाणी. मला काही जमेना. मी बाकाखाली हळूच बुटातून पाय बाहेर काढून बसलो. शेजारी मंजिरी होती. तिच्याकडे बघायचं मी टाळत होतो, कारण दुपारपर्यंत मला तिचा संसार मोडायचा होता.

अकरा वाजता कचेरीवाले आले. एका बाजूला मी, पास्कलराव आणि त्यांच्यातली दोन मुलं. दुसऱ्या बाजूला मंजिरी, विल्सन आणि आणखी दोघं. कचेरीवाल्यांच्या अंगावर जाड जाकिटं, पायांत भारी बूट. शिट्टी वाजली.

आमच्या दोन मुलांपैकी एक जण आरोळी ठोकत सरळ पुढे धावला आणि सात पावलांवर बाद झाला. दुसरा एका पिंपामागे बसून समोरच्या एकाशी इतका वेळ झुंजला की बाजूने आलेला दुसरा त्याला दिसलाच नाही. तोही बाद झाला, पण त्याला मारणाऱ्याला मी टिपलं. पास्कलरावांनी आणखी एकाला टिपलं. पलीकडचा माणूस पाटाच्या कडेने येणार, कारण तिथलीच जमीन टणक आहे, हे त्यांना ठाऊक होतं. आपली जमीन कुठे भुसभुशीत आहे हे माहीत असणं ही मोठीच युद्धनीती आहे.

मग टायरांमागून विल्सन दुसऱ्यांदा त्याच बाजूने डोकावला. मी वाट बघत होतो. गोळी बरोब्बर छातीवर फुटली. "नाइस शॉट, अंकल," असं म्हणून तो हात वर करून निघून गेला. मेलेल्याने बोलायचं नसतं, पण मी तक्रार केली नाही. होऊ न द्यायच्या जावयावर गोळी झाडल्याचं समाधान वाटेल असं मला वाटलं होतं. तसं फारसं वाटलं नाही.

आता त्यांच्याकडे मंजिरी एकटी उरली होती, आणि आम्ही दोघं. पास्कलरावांनी खूण केली आणि आम्ही वाकून कोपऱ्याकडे निघालो. पानमळ्याशी आल्यावर त्यांनी चपला काढल्या. मी बूट काढले, मोजे आत कोंबले, बूट जोडून ठेवले. मग आम्ही आत शिरून ओळींमध्ये उकिडवे बसलो. आमचा माग कुणालाही लागणार नाही अशी आमची दोघांची खात्री होती. बस्त्यावकाका समोरच उभे होते. ते बाहेरच्या चपला-बुटांकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने बघत होते, पण पंचाला बोलता येत नाही.

"मास्तर," पास्कलराव कुजबुजले, "इथं कोणी येणार नाही. बोलू का? दोन दिवस राहिलंय."

"बोला."

"राग मानू नका. मुलगी चांगली आहे. पण मी या लग्नाला नाही म्हणणार आहे."

म्हणजे माझं काम परस्पर झालं होतं. वाक्य न म्हणता मोकळा होऊन संध्याकाळच्या गाडीत बसता आलं असतं, आणि घरी शाबासकी मिळाली असती. मी म्हणालो, "का? काय कमी आहे माझ्या मुलीत?"

"कमी काही नाही. पण शिकलेली मुलगी, ऑफिसात बसणारी. वर्षभर कौतुक वाटेल. तिला आमची बोली कळत नाही, वाडी कळणार नाही. मग पोराला घेऊन विरारला फ्लॅटमध्ये जाईल. माझ्यामागे हे कोण बघणार?"

"वाडी कळणार नाही?" माझा आवाज चढला हे मला नंतर सांगण्यात आलं. "पास्कलराव, तिच्या आजोबांनी तिला चालायला शिकवलं ते पानमळ्यात! सहा वर्षांची असताना ती पानं मोजून त्यांच्या कवळ्या बांधायची. माझ्या वर्गात पाऊस मोजायचं यंत्र तिने बनवलं होतं. बोली काय, चार महिन्यांत बोलेल. तुम्हाला सून म्हणून मिळतेय हे तुमचं..."

पास्कलरावांनी माझा दंड धरला. वेलींमधून बाहेरचं दिसत होतं.

मंजिरी आमच्या चपला-बुटांपाशी उभी होती. आम्ही तिच्यापासून दहा पावलांवर, पानांच्या आड, हलायला जागा नसलेले. तिथून आत सरळ पाच-सहा गोळ्या झाडल्या असत्या तर खेळ संपला असता. तिने बंदूक गवतावर ठेवली. मग खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. एक बूट काढला. दुसऱ्याची गाठ पडली होती, ती नखाने सोडवत बसली. पाठ आमच्याकडे, बंदूक लांब. माझ्या नळीच्या टोकापुढे यापेक्षा सोपी शिकार दोन दिवसांत आली नव्हती.

मला गलबलून आलं. मुखवट्यात वाफ धरली आणि पुढचं थोडा वेळ दिसलं नाही.

"तिला विल्सनने सांगितलं होतं का?" पास्कलरावांनी अगदी हळू विचारलं.

"नाही. तिच्या आजोबांनी."

बूट आमच्या बुटांशेजारी ठेवून ती अनवाणी, रिकाम्या हातांनी ओळीत आली. "अप्पा, काका, बाहेर या," ती म्हणाली. "इथे मारामारी नको. पानांवर रंग उडेल. आणि अप्पा, तुमचं भाषण पाटापर्यंत ऐकू येतंय."

पास्कलराव उठले. बंदूक खाली टेकवून हात वर केला आणि म्हणाले, "मी आउट."

"रंग कुठं हाय?" बस्त्यावकाका बाहेरून ओरडले. "गोली लागल्याबिगर आउट कसा?"

"तू शिट्टी वाजव रे," पास्कलराव म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, मघाशी बोललो ते मी मागे घेतो. पोर आमच्या घरी द्या."

शिट्टी वाजली. माझं वाक्य मी आठवून पाहिलं. त्यातला "पण" तेवढा आठवला. मी "दिली" म्हणालो आणि मंजिरीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांत रंग होता. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि पास्कलराव एका वेलीचा सुटलेला बंद उगाचच परत बांधत राहिले.

रविवार, संध्याकाळ

रोझीबाईंनी फुगे तळले होते. मैद्याचे, हलके, आतून पोकळ. अंड्याशिवायचे वेगळे, माझ्यासाठी. मी नऊ खाल्ले. मग उठून ओटीवर गेलो आणि घरी फोन लावला. तीस वर्षांच्या संसारात कुमुदताईंनी दिलेलं काम मी प्रथमच उलटं करून ठेवलं होतं, आणि ते कसं सांगायचं हे ठरलं नव्हतं.

"झालं का बोलणं?" तिकडून विचारणा झाली.

"झालं. पण आधी त्यांनीच नकार दिला..."

पुढचं वाक्य मला बोलूच दिलं नाही.

"कुणी? त्यांनी?" फोन कानापासून लांब धरावा लागला. "आपल्या मंजीला? कशासाठी? काय बघितलं त्यांनी तिच्यात? आणि तुम्ही ऐकून घेतलंत? नऊ फुगे खाऊन बसला असाल तिथं!"

हे तिला कसं कळलं ते मला आजही माहीत नाही.

"अगं, ऐक तर..."

"काही ऐकायचं नाही. तुम्हाला बोलता येत नाही. मी उद्याच्या गाडीने येते. त्या विल्सनच्या आईशी मी बोलते. होकार घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही, सांगून ठेवा त्यांना."

मी ओटीवरून आत जाऊन सांगून ठेवलं. पास्कलरावांनी थोडा विचार केला आणि मंगळवारपर्यंत नकारावर ठाम राहायचं कबूल केलं. रोझीबाई आणखी एक ताट आणायला बाजारात गेल्या. मंगळवारी कुमुदताई आल्या, अडीच तास बोलल्या आणि होकार घेऊनच उठल्या. लग्नाला आता दीड वर्ष होईल. हे लग्न आपण एकटीने जमवलं असं ती सगळ्यांना सांगते, आणि सांगताना इतकी सुंदर दिसते की मी अजून काही बोललेलो नाही.